सेवेची वही

आमच्या टेबलाच्या खणात एक जाड पुठ्ठ्याची वही पडून आहे. तिच्या पहिल्या पानावर आमच्याच हस्ताक्षरात 'सेवेची वही' अशी अक्षरे असून पुढील पानांवर तांबड्या शाईने चार रकाने आखलेले आहेत : तारीख, विद्यार्थ्याचे नाव, सेवेचा प्रकार, आणि ज्याची सेवा केली त्याची सही अगर अंगठा. ही वही आम्ही मोठ्या उमेदीने सुरू केली व गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर आपल्याच हाताने बंद केली. तिची हकीकत वार्षिक अंकात नमूद करण्याचे कारण एवढेच की, तीत आमची एक चूक आहे, आणि ती चूक आमच्या एकट्याची नसून आम्हां ख्रिस्ती म्हणविणाऱ्या पुष्कळांची आहे, असे आमचे मत झाले आहे.

शाळेच्या मागे ओढा आहे व ओढ्यापलीकडे मजुरांची वस्ती आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. त्या वस्तीतील कित्येक घरांत वृद्ध व आजारी माणसे दिवसभर एकटी असतात. कारण हिंडतीफिरती माणसे कामावर गेलेली असतात. रविवारच्या शाळेत आम्ही शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी बोलतो, आणि शनिवारी दुपारी वसतिगृहातील मुले ओट्यावर बसून पाय हालवीत असतात, ही विसंगती आमच्या मनास फार दिवस टोचत होती. यास्तव आम्ही असे ठरविले की, इच्छा असेल त्या मुलांनी शनिवारी दोघादोघांच्या जोडीने ओढ्यापलीकडे जावे. कोणाचे पाणी भरावे, कोणाचे पत्र वाचून दाखवावे, कोणापाशी बसून गीत म्हणावे, प्रार्थना करावी. मुलांचा उत्साह टिकावा म्हणून वही आली. वहीत ज्याच्या नोंदी अधिक त्यास पारितोषिक समारंभात एक पुस्तक देण्याचे जाहीर झाले. पहिल्याच महिन्यात एकवीस मुले जाऊ लागली. दुसऱ्या महिन्याअखेर नोंदींची संख्या शंभराच्या जवळ आली. मुख्याध्यापकांनी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी सर्वांदेखत कौतुक केले, व आम्ही मान खाली घालून ते ऐकले, परंतु मनात फुगलो, हे कबूल केले पाहिजे.

आश्विनातील एका शनिवारी आम्ही स्वतः त्या वस्तीत गेलो. ओढ्याच्या काठी, अगदी शेवटच्या घरात, एक म्हातारी राहते. तिची दृष्टी जवळजवळ गेली आहे. आमच्या वहीत तिचा अंगठा सर्वांत अधिक वेळा उठलेला होता. आम्ही दारात उभे राहिलो तोच आमच्या चपलांचा आवाज ऐकून ती गोधडीवर उठून बसली आणि काही एक न बोलता तिने डाव्या हाताचा अंगठा पुढे केला.

"आना, कुठं उठवू?" ती म्हणाली.

आम्ही म्हटले, "आई, अंगठा नको. सहज भेटायला आलो आहे."

तिला ते खरे वाटले नाही. ती थोडा वेळ अंगठा तसाच धरून राहिली. मग आम्ही कोण हे कळल्यावर तिने विचारले, "मास्तर, तुमच्या देवाला किती अंगठे लागत्यात?"

हे तिने उपहासाने विचारले नाही. रेशनच्या दुकानात अंगठा द्यावा लागतो, निराधारांचे पैसे घेताना द्यावा लागतो, तसा देवाच्या दारीही लागत असेल, व तो देण्यावाचून ही पोरे उठत नाहीत, अशी तिची साधी समजूत झाली होती. आम्ही बसलो. बोलता बोलता कळले की, तिला चार दिवस ताप येत आहे. सून पहाटे कामावर जाते ती दिवेलागणीस परत येते. पाण्याचा माठ दाराबाहेर होता व तो कोरडा होता. आम्ही पाणी भरले, चहा करून दिला, आणि दवाखान्यातून गोळ्या आणविल्या. संध्याकाळी शाळेत येऊन वही उघडली. त्याच चार दिवसांत त्याच म्हातारीच्या नावापुढे दोन नोंदी होत्या. कारण पारितोषिकाची चढाओढ लागल्यापासून मुले शनिवारची वाटही पाहीनाशी झाली होती. दोन्ही नोंदींत सेवेचा प्रकार असा लिहिला होता : 'गीत म्हटले. प्रार्थना केली.' दोन्ही ठिकाणी अंगठा स्वच्छ उठला होता.

त्या मुलांस आम्ही रागावलो नाही. रागावण्यासारखे त्यांनी काय केले होते? जे सांगितले ते त्यांनी केले होते. गीत म्हटले होते, प्रार्थना केली होती, सही घेतली होती. म्हातारीच्या कपाळास हात लावण्याचा रकाना आम्हीच आखला नव्हता; आणि आखला असता तरी मुलांनी हात लावून 'ताप आहे' असे लिहिले असते व पुढच्या घरी गेली असती. ज्या नजरेने ती मुले त्या घरात शिरत होती, तिला म्हातारी दिसतच नव्हती. तिला वहीतील रिकामी ओळ दिसत होती. ती नजर आम्ही त्यांस दिली होती.

मराठीत 'कर्मठ' हा एक नेमका शब्द आहे. तो आम्ही ख्रिस्ती लोक बहुधा दुसऱ्याच्या घरासाठी राखून ठेवतो. सोवळेओवळे, उपासतापास, व्रतवैकल्ये यांविषयी बोलताना तो आमच्या जिभेवर चटकन येतो. परंतु मंडळीत कोण किती रविवार गैरहजर राहिला, कोणाची वर्गणी थकली, कोणाच्या मुलीने लग्नात हळद लावून घेतली, याची जी टिपणे आमच्या ओठांवर असतात, त्यांस कोणते नाव द्यावे? उपासनेस जाणे चांगले, दशांश देणे चांगले, घरी नित्य शास्त्रवाचन करणे चांगले. यांत वाईट काही नाही, आणि वाईट नाही म्हणूनच येथे फसगत होते. वाईट गोष्टीचा गर्व करणारा मनुष्य लवकर उघडा पडतो. चांगल्या गोष्टीचा हिशेब ठेवणारा कित्येक वेळा मरेपर्यंत पडत नाही. प्रभूच्या काळचे परुशी हे काही लबाड लोकांचे टोळके नव्हते. परसातील पुदिन्याचाही दहावा भाग मोजून देणारी ती काटेकोर माणसे होती. त्यांच्यासारखी चोख वही आमच्यापैकी कितीजणांची निघेल, याची शंकाच आहे.

आमचे वडील खेडोपाडी उपदेशकाचे काम करीत. दर महिन्यास त्यांस वरिष्ठांकडे एक छापील तक्ता भरून पाठवावा लागे : किती गावे, किती सभा, श्रोते किती, पुस्तके किती खपली. महिनाअखेरीच्या रात्री कंदिलाजवळ बसून ते तो भरीत असत, आणि त्या रात्री ते फार चिडखोर होत, एवढे आम्हांस लहानपणी कळत असे. श्रोते थोडे असले तर पेटी पाहावयास जमलेली उघडी पोरेही मोजावी लागत. एकदा एका गावी पटकीने एक घर बसले होते. तेथे वडील तीन दिवस राहिले, प्रेते उचलू लागले, व उरलेल्या दोन लेकरांस त्यांच्या मामाकडे पोहोचवून आले. त्या महिन्याच्या तक्त्यात त्यांनी काय लिहिले ते आम्ही वाचले होते : गावे एक, सभा नाही, श्रोते नाहीत. त्याबद्दल त्यांस वरून खुलासा विचारण्यात आला. पुढे तेवीस वर्षांनी त्या दोन लेकरांपैकी एक मनुष्य आमचे घर शोधीत आला आणि वडिलांच्या पायांपाशी बसला. वडिलांनी त्यास ओळखले नाही. गोष्ट सांगितल्यावरही त्यांस पुरते आठवेना. तक्त्यातले आकडे मात्र त्यांस म्हातारपणीही तोंडपाठ होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील शेवटच्या न्यायाचा दाखला आम्ही वर्गात पुष्कळ वेळा शिकविला आहे, परंतु त्यातील एक गोष्ट वडिलांच्या त्या विसरण्यामुळे आमच्या ध्यानात आली. राजाच्या उजवीकडे असलेल्या लोकांस जेव्हा सांगण्यात येते की, तुम्ही मला भुकेला असता अन्न दिले, आजारी असता भेटावयास आला, तेव्हा ते चकित होतात व हे आम्ही केव्हा केले असे उलट विचारतात. त्यांच्यापाशी वही नाही. त्यांनी भुकेल्यास वाढले ते तो भुकेला होता म्हणून. पुढे ते जेवणही विसरले आणि वाढणेही विसरले. त्याच शुभवर्तमानात, डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस, दुसरे काही लोक येतात. त्यांस सर्व आठवते : आम्ही तुझ्या नावाने हे केले, तुझ्या नावाने ते केले. त्यांची यादी तयार आहे, व ती खोटी आहे असे प्रभू म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की, माझी व तुमची ओळख नाही.

या विषयावर आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, त्याची योग्यता आम्हांस अजून पुरती उमगली आहे असे वाटत नाही. ते पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ साली रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडात गेल्या व वाँटेज येथील जोगिणींच्या मठात उतरल्या. त्या विद्वान होत्या. वादात त्यांस कोणी जिंकून ख्रिस्ती केले असते हे संभवत नाही. पुढे १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली, तीत खरे कारण सांगितले आहे. मठाच्या श्रेष्ठींनी त्यांस हवापालटासाठी लंडनच्या फुलहॅम भागातील आपल्या शाखेत पाठविले. तेथे वाममार्गास लागलेल्या स्त्रियांस आश्रय देण्याचे काम चालत असे. समाजाने ज्यांचे तोंड पाहू नये अशी समजूत, त्या स्त्रियांस या जोगिणी जवळ करीत आहेत, आणि त्यांतील कित्येकजणी सुधारून स्वतः आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आहेत, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. असे त्यांनी पूर्वी कोठे पाहिले नव्हते. हे तुम्ही का करिता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांस योहानाच्या चौथ्या अध्यायातील शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. रमाबाईंचे मन वळले ते येथे. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता याच मठातील दुसरी बाजू पाहावी. रमाबाईंची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन ही तेथलीच. तिचे रमाबाईंवर मनापासून प्रेम होते, यात शंका नाही. परंतु बाप्तिस्म्यानंतर तिला आपल्या या शिष्येत उणिवा दिसू लागल्या. रमाबाई मांसाहार करीत नाहीत, हा जुन्या जातीचा अभिमान अजून सुटला नाही असे तिला वाटे. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत अशी तेथील रीत. रमाबाई म्हणाल्या की, माझ्या देशातील भगिनींस लॅटिन कळत नाही व मलाही कळत नाही, तर अक्षरे संस्कृत असू द्या. त्यावरही वाद झाला. मोठमोठ्या मताच्या गोष्टींवरही झाला. तो आम्ही येथे उगाळीत नाही, कारण तो धर्मपंडितांचा विषय आहे. परंतु ताटातील पदार्थ आणि क्रूसावरील अक्षरे यांवरून एका विधवेच्या विश्वासाची खोली मोजू पाहणे, हे आमच्या सेवेच्या वहीपेक्षा निराळे नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात याच प्रश्नाचा निकाल लावून ठेवला आहे : जो केवळ शाकभाजी खातो त्यास तुच्छ लेखू नये, व त्यानेही खाणाऱ्यास दोष लावू नये. शास्त्र नित्य वाचणाऱ्या स्त्रीस तो अध्याय माहीत नसेल असे नाही. वाचलेला अध्याय ऐन वेळी आठवत नाही, हा अनुभव आम्हांसही आहे.

जेराल्डिनच्या पक्षी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही सर्व पत्रे, स्वतःस अडचणीत आणणारी रमाबाईंची सडेतोड उत्तरे धरून, तिनेच जपून संकलित केली. म्हणून तर ती १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे ग्रंथरूपाने आपल्या हाती आली. जिचे केवळ नियमांवरच मन असते, तिने ती चुलीत घातली असती.

फुलहॅमची आठवण आणि वाँटेजचा वाद, या दोहोंपैकी रमाबाई आपल्याबरोबर काय घेऊन आल्या, हे केडगावास जाऊन पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी, रस्त्यात टाकलेल्या मुली गोळा करून आणू लागल्या. १९०० च्या सुमारास गुजराथच्या दुष्काळातूनही शेकडो आणल्या. लहानपणी दुष्काळात आईबाप अन्नावाचून गेलेले त्यांनी स्वतः पाहिले होते. त्या मुलींत कोणी उवांनी भरलेली, कोणी दुसऱ्या मुलींचे अन्न चोरणारी, कोणी वाईट मार्गातून आलेली. केडगावात त्यांनी जी सदने काढली त्यांत अशा पतित मानलेल्या स्त्रियांचे कृपासदन होते. फुलहॅमला पाहिलेले दृश्य भीमेच्या खोऱ्यात माळरानावर उभे राहिले, ते कोणी हुकूम केला म्हणून नव्हे. आणि हेही विसरू नये की, केडगावात घंटा होती, वेळापत्रक होते, कामाच्या पाळ्या होत्या. शेकडो माणसांचा स्वयंपाक, कपडे, शिक्षण हे घंटेवाचून चालत नसते. रमाबाई शिस्तीच्या बाबतीत मुळीच ढिल्या नव्हत्या. त्यांची घंटा मुलींस जेवावयास बोलावी, ती वाजली म्हणून कोणी तारणास पात्र झाले असे कोणास वाटत नसे, एवढाच काय तो भेद. आणि आम्हांस हा भेद लहान वाटत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस सारखाच प्रवेश होता. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले, त्यामुळे तो प्रयोग कोठवर गेला असता हे सांगता येत नाही; तथापि पंचावन्न वर्षांच्या मनुष्याने, घरसंसार पाठीशी असता, महिन्याचा पगार सोडून हे केले, यावरून त्या तक्त्यांच्या आणि पगारपत्रकांच्या जगात त्यांचा जीव किती गुदमरला असेल याची कल्पना येते.

आता आमच्या वहीकडे वळतो. कारण वर लिहिलेले वाचून आमचे एक सहाध्यापक हसतील हे आम्ही जाणतो. वही बंद करू नये असे त्यांचे मत होते, व त्यांनी ते स्पष्ट सांगितले. "प्रीती उत्पन्न होईपर्यंत म्हातारीने तहानलेले राहावे काय?" असे त्यांनी विचारले. वही बंद झाल्यावर पुढच्या शनिवारी एकवीस मुलांपैकी नऊ आली, त्यापुढच्या शनिवारी सहा. सहावर आकडा थांबला. सहाध्यापक म्हणाले, "पाहा, तुमच्या प्रीतीने पंधरा घरे बुडविली." या बोलण्यास आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते, व आजही पुरते नाही. वहीच्या जोरावर का होईना, काही घरांत पाणी भरले जात होते, ते थांबले. हे नुकसान खरे आहे, आणि ते आम्ही सोसले नाही, त्या घरांनी सोसले.

शिवाय आणखी एक गोष्ट आमच्या मताच्या विरुद्ध जाणारी आहे, ती लपविणे बरे नव्हे. जी सहा मुले उरली त्यांत वहीत पहिला आलेला मुलगा आहे. तापाच्या दिवसांत त्या म्हातारीचा अंगठा घेऊन गेलेल्यांपैकी तो एक. कोरड्या माठाची हकीकत आम्ही त्यास एकट्यास बोलावून सांगितली, तेव्हा तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी सर्वांच्या आधी ओढ्यापाशी येऊन उभा राहिला. तो वहीवाचून कधी त्या घरापर्यंत गेला असता काय? बहुधा नसता गेला. मग वहीने त्यास दारापर्यंत नेले हे मान्य करावे लागते. पौलाने गलतीकरांस लिहिताना नियमशास्त्रास मुलांस पोहोचविणाऱ्या सेवकाची उपमा दिली आहे, तिचा अर्थ आम्हांस या मुलाकडे पाहून थोडा कळला. तो सेवक जरूरीचा खरा. परंतु शाळेच्या दारात पोहोचल्यावर मूल त्याचाच हात धरून बाहेर उभे राहिले, आणि गुरुजींनीही सेवकालाच शाबासकी दिली, तर शिकणे राहून जाते. आम्ही तेच केले होते. पुस्तकाचे बक्षीस जाहीर केले त्या दिवशी म्हातारीची गरज संपून आमची गरज सुरू झाली होती. आणि आंधळ्या म्हातारीस ते आमच्याआधी दिसले.

सहाध्यापकांस आमचे म्हणणे इतकेच आहे की, पंधरा घरांचे पाणी भरावयाचे तर ते आपण दोघांनी जाऊन भरू. मुलांस पाठविण्याची सोय लागल्यापासून आपण स्वतः किती वेळा ओढा ओलांडला, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. आश्विनातील त्या शनिवारापूर्वी आमची खेप एकही नव्हती.

म्हातारी अद्याप आहे. परवा तिच्याकडे गेलो असता तो मुलगा तिच्या चुलीतील राख काढीत होता व ती त्यास शिव्या देत होती. कारण त्याने विस्तव विझविला होता. आम्ही आत आलो तरी तिने अंगठा पुढे केला नाही. गोधडी सरकवून बसावयास जागा केली आणि त्या मुलाच्या मूर्खपणाची तक्रार आमच्यापाशी सविस्तर सांगितली. तो हसत होता.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नवी वही होणार नाही. बक्षीसही नाही. शनिवारी चार वाजता आम्ही मागच्या फाटकापाशी असू, व सहाध्यापकांनीही येण्याचे कबूल केले आहे. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी यावे. न येणाऱ्यांची हजेरी घेतली जाणार नाही. पावसात ओढ्याचा उतार निसरडा होतो, यास्तव चांगल्या वहाणा घालून येऊ नये.